हार्ड डिस्कला लावलेलं गंध

मंगळवार, ७ ऑक्टोबर २००८, सकाळी अकरा. ठरलेली रक्कम सहा हजार शंभर रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको सुलभा, गिऱ्हाईक गोमतीबाई आणि त्यांचे वडील वासुदेवराव. जागा चेन्नईच्या अण्णा नगरमधलं माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे आमच्या भाड्याच्या घराची रस्त्याकडची खोली, दहा फूट बाय अकरा.

रकमेची फोड अशी होती. पाचशे बारा एमबीच्या मेमरीच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी चौदाशे पन्नास, म्हणजे दोन हजार नऊशे. ऐंशी जीबीची नवी हार्ड डिस्क दोन हजार आठशे. मजुरी चारशे. आगाऊ तीन हजार मिळाले. ही फोड मी प्रत्येकाला कागदावर लिहून देत असे. लिहिलेलं असलं की नंतर आवाज चढत नाहीत.

गोमतीबाईंचा लॅपटॉप तीन वर्षांपूर्वीचा, सणाच्या सवलतीत घेतलेला, त्या वर्षीच्या सगळ्यांत स्वस्तांपैकी. त्यात दोनशे छप्पन एमबी मेमरी आणि चाळीस जीबीची डिस्क. अशा मशीनची मेमरी वाढवायची तर ती जुन्या जातीची लागते, आणि बाजारात मागे पडलेली मेमरी नव्यापेक्षा महाग मिळते. हे गिऱ्हाइकाला पटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

"अण्णा, यंत्र भारी स्लो झालंय," गोमतीबाई म्हणाल्या. "मी टाइप करतें, आणि तें अक्षर मागून चालत येतं."

वय चाळिशीचं, केसांत मोगऱ्याचा गजरा, मनगटावर कॉलेजच्या मुली बांधतात तसलं मोठं घड्याळ. त्यांची मराठी तंजावरची. दोन-अडीचशे वर्षं तमिळ मुलखात राहिलेली, जुनी वळणं जपलेली आणि तमिळचा हेल घेतलेली. माझी मराठी वडिलांबरोबर मिरजेहून चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये आलेली. आम्ही एकमेकांचं नव्वद टक्के समजत असू, उरलेलं तमिळमधून.

मी माझं ठरलेलं स्पष्टीकरण दिलं. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे फडताळ. फडताळ कितीही मोठं असलं तरी ओटा दोन वितींचा असेल, तर एक भांडं उचलून ठेवल्याशिवाय दुसरं काढता येत नाही. तुमचं मशीन दिवसभर ही उचलठेव करतं, म्हणून अक्षर मागून येतं.

वासुदेवराव सत्तरी ओलांडलेले, धोतर आणि पांढरा शर्ट. ते म्हणाले, "म्हणजे एकोणतीसशांत ओटा मोठा. घरचा ओटा वाढवायला मेस्त्री चाळीस हजार मागतो. गोमती, हें यंत्रच घरीं बसवूं की."

"अप्पा, यांत डोसा होत नाही."

"तुझ्या घरच्या ओट्यावर तरी कोठें होतो?"

लॅपटॉपच्या झाकणावर गंधाचा ताजा ठिपका होता, मध्यभागी कुंकू. मी पाहतोय हे पाहून वासुदेवराव म्हणाले, "उद्यां आयुधपूजा. यंत्र घरीं नसणार. म्हणून आजच लावून आणलों." मी मान डोलावली, ठिपका स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि मशीन कामाला घेतलं. हा ठिपका वाचकांनी लक्षात ठेवावा. मी तो विसरलो.

आता गोमतीबाईंचं काम काय, ते सांगायला हवं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झाल्यावर त्याची हकिगत यंत्रात बोलून ठेवतात. तो आवाज रातोरात चेन्नईतल्या एखाद्या कंपनीकडे येतो, आणि गोमतीबाईंसारख्या बायका घरी बसून, कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पॅडलने आवाज मागेपुढे करत तो टाइप करतात. पैसे ओळीवर. गोमतीबाईंचा दर साठ पैसे ओळ. यजमानांची कंपनी बंद पडलेली, मुलगा बारावीला, वडिलांची लहानशी पेन्शन. घर ओळींवर चाललेलं.

चांगल्या दिवशी त्यांच्या ओळी नऊशेपर्यंत जात. बोटं जलद होती म्हणून नव्हे. त्यांनी एक यादी बनवली होती. डॉक्टर तीच तीच वाक्यं बोलतात. 'रोग्याला कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही', 'छातीत दोन्ही बाजूंना श्वास स्वच्छ'. अशा प्रत्येक वाक्याला त्यांनी तीन-चार अक्षरांची खूण दिली होती. खूण टाइप केली की अख्खं वाक्य उमटे. सात वर्षांत अशा साडेसहा हजार खुणा जमल्या होत्या. शिवाय कोणता डॉक्टर कोणता शब्द कसा खातो, याच्या नोंदी.

"हृदयाचे एक डॉक्टर आहेत," त्या म्हणाल्या. "स्पष्ट बोलतात, घाई करत नाहीत. त्यांच्या फायली मजकडे द्याव्या म्हणून मी तीन वर्षं थांबलें. जुलैंत मिळाले. यादी आहे म्हणूनच तें काम झेपतं."

"यादीची कॉपी कुठे ठेवली आहे?" मी विचारलं.

"यंत्रांतच."

"दुसरीकडे?"

"यंत्रांत दोन जागीं ठेवलीय, अण्णा."

एका डिस्कवर दोन जागी म्हणजे एकाच फडताळात दोन कप्प्यांत. आग लागली तर दोन्ही जातात. मी तसं सांगितलं, आणि आज आधी यादीची कॉपी काढतो असंही म्हणालो. बुधवारी आयुधपूजा, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. त्यांनीही रजा घेतली होती. गुरुवारी विजयादशमी. गुरुवारी सकाळी दहाला मशीन तयार, असा शब्द मी दिला.

या धंद्यातले माझे नियम तीन. पहिला: आधी कॉपी, मग स्क्रू ड्रायव्हर. दुसरा: निघालेला प्रत्येक स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. तिसरा: काढलेला जुना भाग पाकिटात घालून, वर चिठ्ठी चिकटवून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. जुनी मेमरी, जुनी डिस्क, तुटलेली बिजागरी, काहीही. माझ्या दुकानात दुसऱ्याचा माल उरत नसे.

तिसऱ्या नियमामुळे गमतीही झाल्या. एकाला जुनी मेमरीपट्टी परत दिली, तर दोन दिवसांनी येऊन म्हणाला, यातले फोटो नव्या पट्टीत टाकून द्या. मेमरीत काही साठत नाही, करंट गेला की ओटा धुऊन निघतो, हे त्याला सांगता सांगता माझी कॉफी गार झाली. दुसरा एक किराणा दुकानदार. त्याने लॅपटॉप देण्याआधी तागडीत तोलला आणि परत नेल्यावर पुन्हा तोलला. वजन होतं तेवढंच भरलं. "दुप्पट मेमरी घातली म्हणता," तो म्हणाला, "मग दोन ग्रॅम तरी वाढायला नको?" एका पट्टीच्या जागी एक पट्टी गेली आहे, हे मी त्याला तीनदा दाखवलं. पैसे दिले, पण मनातून संशय गेला नसावा.

आणि देवधर साहेब. आवडीच्या फॅक्टरीतून, मालाच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले, माझ्या वडिलांना ओळखणारे. त्यांचं मशीन गोमतीबाईंच्या मशीनसारखंच, त्याच सणाच्या सवलतीत घेतलेलं. २००७ साली मी त्यांची डिस्क वाढवून दिली, तेव्हा ते स्टूल ओढून शेजारी बसले. अठरा स्क्रू निघाले. बसवताना सतरा भरले. पाऊण तास आम्ही दोघांनी फरशी धुंडाळली. अठरावा माझ्या शर्टाच्या बाहीच्या दुमडीत होता. "पाटणकर," ते म्हणाले होते, "तुझे वडील सतरावर गप्प बसले नसते. तूही बसला नाहीस. चहा मागव." देवधर साहेबांना कॉफी चालत नसे.

तर मंगळवार. मेमरीच्या पट्ट्या बसवल्या, मशीनने त्या ओळखल्या. आता यादीची कॉपी काढायची, तेवढ्यात करंट गेला. त्या वर्षी करंट वेळापत्रकाने जाई आणि वेळापत्रकाबाहेरही जाई. लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, इन्व्हर्टर आदल्या आठवड्यापासून बंद. दीड तास मी बसून राहिलो. मग विचार केला, स्क्रू काढायला करंट लागत नाही. डिस्क काढून ठेवू, करंट आला की बाहेरच्या डबीत, म्हणजे सुटी डिस्क वायरने कॉम्प्युटरला जोडायच्या खोक्यात, घालून थेट नव्या डिस्कवर सगळंच उतरवू. एक पायरी वाचेल.

पहिला नियम मी असा मोडला, दुपारी अडीच वाजता, कंटाळ्याने. मोहाने मोडला असता तर निदान सांगायला काही असतं.

करंट आला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते. सुलभा केरसुणी घेऊन दारात उभी. आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी दुकान धुतात.

"आवरा आता," ती म्हणाली. "उद्या हात लावणार नाही आणि आज सोडणार नाही, असं कसं?"

"एवढी एक डिस्क उतरवतो. दोन तास."

"दोन तास म्हणजे पाणी माझ्या अंगावर वाळणार. गुरुवारी उठा सहाला आणि उतरवा."

तिचं म्हणणं बरोबर होतं. डिस्क मी टेबलावरच्या हिरव्या रबरी चटईवर ठेवली. वरच्या अंगावर गोमतीबाईंच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती, शाई ओली होती, तिच्यावर केर बसू नये म्हणून खाली कागद सारून डिस्क तशीच उताणी करून ठेवली. म्हणजे खालचं अंग, जिथे हिरवी इलेक्ट्रॉनिक पाटी आणि तिच्यावरच्या चिपा असतात, ते वर आलं. ओली शाई खाली आणि कोरडी पाटी वर. आता लिहिताना मलाच हे वेडेपणाचं वाटतं, पण त्या वेळी माझी सगळी काळजी त्या चिठ्ठीवर लागली होती.

आमच्या मिरजेकडे खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहतात. इथे चंदन गुलाबपाण्यात कालवून प्रत्येक वस्तूला गंध लावतात, वर कुंकू. बस, रिक्षा, शिलाई मशीन, दाराची कडी, फोन. तीस वर्षांत आमच्या घरात दोन्ही एकत्र झालं होतं. बुधवारी सकाळी सुलभाने पूजा मांडली, कुरमुरे, ज्यांना तमिळमध्ये पोरी म्हणतात, गूळ, फुटाणे, झेंडू. गंध लावायचं काम माझं. स्क्रू ड्रायव्हरचा संच, सोल्डरिंगची कांडी, मल्टीमीटर, चिमटे. दुरुस्तीला आलेली मशीनंसुद्धा, कारण पूजेच्या दिवशी जे यंत्र माझ्या छपराखाली आहे त्याची पूजा माझ्याकडे. त्या दिवशी पाच लॅपटॉप होते. पाचांच्या झाकणांना लावलं. मग चटईवरची डिस्क. अनामिकेने गंध, वर चिमूट कुंकू.

मला तो क्षण स्वच्छ आठवतो. हिरव्या पाटीवर ते लाल-पिवळं छान दिसलं होतं.

गुरुवारी सहाला उठलो. उत्तरपूजा केली, गंध पुसलं. हत्यारांचं ओल्या फडक्याने, डिस्कचं कोरड्या फडक्याने, कारण इलेक्ट्रॉनिक वस्तूला पाणी लावू नये एवढं मला कळत होतं. वरचं गंध निघालं. चिपेच्या पायांखाली जे शिरलं होतं ते ओलं होतं आणि दिसत नव्हतं. डिस्क डबीत घातली, वायर जोडली.

एक चिट् असा आवाज आला. मग वास. डिस्क फिरली नाही.

उघडून पाहिलं. मोठ्या चिपेवर टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं, आणि तिच्या पायांच्या मधे गुलाबी रेघ. कापसाला स्पिरिट लावून पुसली, कापूस लाल झाला. सहा वाजून पन्नास मिनिटं. दहा वाजेपर्यंत मी जे जे करता येतं ते केलं आणि नवी डिस्क बसवून मशीन तरी चालू करून ठेवलं.

बापलेक दहाला पाच मिनिटं असताना आले. मी सांगितलं, नवी मेमरी चालते, नवी डिस्क चालते, जुनी डिस्क मात्र उठत नाही.

गोमतीबाईंनी विचारलं, "यादी?"

"जुन्या डिस्कवर. उठली तर मिळेल."

"उठेल?"

"डिस्क जुनी आहे," मी म्हणालो. "तीन वर्षं रोज दहा-दहा तास चाललेली. जातात अशा."

यातला शब्दन् शब्द खरा होता. डिस्क तीन वर्षांची होती, रोज दहा तास चालली होती आणि अशा डिस्का जातात. मी एवढंच बोललो आणि थांबलो.

गोमतीबाई स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत. हाताची बोटं मांडीवर ठेवून त्या हलवत होत्या, पेटीवर सूर धरावा तशी. खुणा आठवत होत्या, हे मला नंतर कळलं. आठवल्या तेवढ्या त्यांनी त्याच दिवशी पुन्हा भरल्या, एकशे चाळीस झाल्या.

"आज-उद्यां-परवां मिळून दिवसाला सहाशेच्या खालीं गेलें तर हृदयवाले डॉक्टर दुसरीकडे देतील," त्या म्हणाल्या. "रजा घेतली तेव्हांच बजावलंय."

वासुदेवरावांनी जुनी डिस्क हातात मागितली. चष्मा वर करून त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ पाहिली, आणि चटईवर ठेवली. सुलभाने दोघांना कॉफी आणली. गोमतीबाईंनी घेतली. वासुदेवरावांचा डबरा-टंबलर, म्हणजे वाटीत ठेवलेला कॉफीचा पेला, तसाच भरलेला राहिला. मला वाटलं, लेकीच्या काळजीने.

ते गेल्यावर सुलभा टंबलर उचलता उचलता म्हणाली, "जुनी होती?"

"होय."

"मग त्या कापसाला लाल काय लागलंय?"

मी कापूस उचलून केराच्या टोपलीत टाकला. ती कॉफी मोरीत ओतून आली आणि म्हणाली, "गंध लावू नका असं म्हणायला मी तिथेच बसले होते. मलाही सुचलं नाही. पण तिला खोटं सांगायला मी नव्हते."

"खोटं नाही सांगितलं."

"बरं," ती म्हणाली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. या 'बरं'चा अर्थ मला माहीत होता.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. अशी डिस्क मेली तर तिच्या आतल्या तबकड्या, ज्यांच्यावर सगळं लिहिलेलं असतं, त्या बहुधा ठीक असतात. जळते ती बाहेरची हिरवी पाटी. तंतोतंत तशीच पाटी दुसऱ्या डिस्कची काढून बसवली तर कधी कधी डिस्क उठते. पण कंपनी तीच, मॉडेल तेच, पाटीवरचा बारीक नंबरही तोच हवा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर काही होत नाही, किंवा दुसरी पाटीही जाते.

शुक्रवारी मी रिची स्ट्रीटला गेलो. जुन्या डिस्कांची पोती घेऊन बसणारे व्यापारी तिथे आहेत. दिवसभरात चार दुकानांत बसून किती डिस्का उलट्या करून पाहिल्या त्याची मोजदाद ठेवली होती: दोनशे अकरा. मॉडेल जुळणाऱ्या सात. नंबर जुळणारी एकही नाही. शेवटचा व्यापारी मला ओळखत होता. तमिळमध्ये म्हणाला, "काय सर, सोनं हरवलं का?"

शुक्रवारी गोमतीबाईंनी चारशे ऐंशी ओळी केल्या. गुरुवारी दुपारनंतर बसल्यामुळे दोनशेच झाल्या होत्या. हे आकडे मी फोन करून विचारले. त्यांनी सांगितले आणि वर म्हणाल्या, "परवाइल्ले अण्णा, यंत्र मात्र आतां पळतं." परवाइल्ले म्हणजे असू द्या. त्या मला धीर देत होत्या.

शनिवारी सकाळी जॉब रजिस्टर काढून बसलो. बसवलेला आणि परत दिलेला, प्रत्येक भागाचा नंबर मी त्यात लिहीत असे. पाटीचा नंबरही. सुलभा याला माझा रोग म्हणायची. २००७ च्या पानांवर नंबर सापडला. देवधर साहेबांची जुनी डिस्क. पाकिटात घालून, चिठ्ठी लावून मीच परत दिली होती.

आवडीची लोकल पकडली. देवधर साहेब स्टेशनपासून दहा मिनिटांवर, निवृत्तीनंतर बांधलेल्या घरात राहत. दार उघडून म्हणाले, "किती स्क्रू कमी पडले?"

मी डिस्कबद्दल विचारलं. ते आत गेले आणि तीन मिनिटांत पाकीट घेऊन आले, चिठ्ठीसकट. माझंच अक्षर. मी नंबर पाहिला. जुळत होता.

"काय देऊ साहेब याचं?"

"भंगाराची किंमत घेत नाही. कारण घेतो." त्यांनी वही उघडली, चार रकाने आखलेली. वस्तू, तारीख, कोणाला, कशासाठी. "माझ्या घरातून सुतळीचा तोडासुद्धा कारणाशिवाय जात नाही. कशासाठी लिहू?"

"गिऱ्हाइकाची डिस्क गेली. तिची पाटी बदलायची आहे."

"कशाने गेली?"

"जुनी होती."

देवधर साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझी त्याच साली घेतलेली. ही बरी जुनी झाली नाही. पाटणकर, चौतीस वर्षं मी नापास मालाची कारणं लिहिली. 'जुनी होती' हे कारण नाही, ते वय आहे."

मग सांगितलं. करंट, पहिला नियम, ओली शाई, उताणी डिस्क, अनामिका, कोरडं फडकं, सगळं. ते हसले नाहीत. लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "पूजेचे गंध पाटीवर लागून चीप जळाली. लावणारा, दुकानदार स्वतः." मग वही माझ्याकडे वळवली. "सही कर. आणि गिऱ्हाइकाकडे हेच कारण गेलंय ना?"

मी सही केली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मागितलं नाही. चहा मागवला.

रविवारी सकाळी आठला पाटी बदलायला बसलो. चार स्क्रू, चांदणीच्या आकाराच्या खाचेचे, मोहरीएवढे. जुळणारी स्प्रिंगची टोकं स्पिरिटने पुसली, वाळू दिली, पुन्हा वाळू दिली. सुलभा माझ्यामागे उभी होती. वायर जोडली.

डिस्क फिरली. आधी बारीक शीळ, मग टक टक, मग पडद्यावर नाव आलं. सगळ्यात आधी यादी तीन जागी उतरवली. नव्या डिस्कवर देण्यासाठी पेन ड्राइव्हवर, माझ्या कॉम्प्युटरवर, आणि एका सीडीवर. मग फोन केला. गोमतीबाईंना म्हणालो, लॅपटॉप घेऊन या, आणि अप्पांनाही आणा.

अकराला आले. यादी उतरवली. गोमतीबाईंनी तीन अक्षरं टाइप केली. श्वास स्वच्छ असल्याचं वाक्य उमटलं. आणखी तीन अक्षरं. आणखी एक वाक्य. वीसेक खुणा त्यांनी अशा करून पाहिल्या, घरी परत आलेल्या पोराचे हातपाय तपासावेत तशा.

"बाई, एक सांगायचं आहे," मी म्हणालो. "डिस्क जुनी होऊन गेली नव्हती. बुधवारी मी तिला गंध लावलं. पाटीच्या बाजूला. त्याने जळाली. गुरुवारी मला हे माहीत होतं."

गोमतीबाईंनी पडद्यावरची नजर काढली. त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण बोलले वासुदेवराव.

"तुम्हीं लावलें?"

"होय."

"बुधवारीं? इथें?"

"होय. मीच."

ते खाली बसले. टेबलाच्या कडेला हात धरून, सावकाश. "मी लाल पाहिलों ना गुरुवारीं," ते म्हणाले. "चिपेच्या पायांत. मज वाटलें, मंगळवारीं घरीं मी लावलों तेंच आंत उतरलें. झाकणावरून. चार दिवस हेंच. पोरीची सात वर्षांची मेहनत मी पूजा करून जाळलों."

"अप्पा," गोमतीबाई म्हणाल्या, "मज सांगायचं नाही?"

"काय सांगूं? तूं रात्रंदिवस टाइप करत बसलीस. तुज सांगून तुझा वेळ खाऊं?" मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "पाटणकरराव, गुरुवारीं बोलला असता तर मी जेवलों असतों."

मंगळवारी झाकणावरचा त्यांचा ठिपका मी स्पिरिटने पुसला होता, आत थेंबही गेला नव्हता, हे मी सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली.

गोमतीबाईंनी विचारलं, "हृदयवाले डॉक्टर गेले, ठाऊक आहे? काल संध्याकाळीं मेल आला. आतां मज एक हाडांचे डॉक्टर दिलेत. तोंडांत सुपारी धरल्यासारखं बोलतात." राग होता की नाही ते आवाजावरून कळत नव्हतं. थकलेल्या होत्या.

त्यानंतर मी नऊ वर्षं दुकान चालवलं. पुढे मेमरी बोर्डालाच डाखलेली येऊ लागली, वाढवायची सोय राहिली नाही. ओटा जन्मतःच पक्का. मी दुकान बंद केलं आणि बर्फाचे ट्रे सुलभाला परत दिले. त्या नऊ वर्षांत आयुधपूजेला मी एकच बदल केला. गिऱ्हाइकाच्या यंत्राला गंध लावणं सोडलं. कागदाच्या चिठ्ठीवर गंध लावून ती चिठ्ठी यंत्राशेजारी ठेवत असे. सुलभा म्हणे, देवाला चालतं.

आता त्या रविवारचा शेवट. गोमतीबाईंकडून बाकी दोन हजार सातशे घेतले. मजुरीचे चारशे घेतले नाहीत. मग दुसरा कागद काढून त्यांच्यासमोर हिशेब मांडला: गुरुवारी सातशे ओळी कमी, शुक्रवारी चारशे वीस, शनिवारी तीनशे ऐंशी. एकूण पंधराशे ओळी, साठ पैशांनी नऊशे रुपये. शंभराच्या नऊ नोटा कागदावर ठेवल्या. मला वाटलं त्या नको म्हणतील. त्यांनी बेरीज तपासली, नऊ नोटा मोजल्या, पर्समध्ये ठेवल्या आणि कागदावर सही केली. देवधर साहेबांना त्यांच्या डिस्कचे चार स्क्रू परत पाठवले, पाकिटातून, चिठ्ठी लावून.

वासुदेवरावांना सुलभाने कॉफी दिली. त्यांनी ती संपवली, टंबलर खाली ठेवला, आणि आणखी मागितली.